एकोणऐंशीवर थांबलेली

कटिंग मास्तरांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते ती दारात अडकली तेव्हा.

कारखान्यात लागून तिला फार दिवस झाले नव्हते. काम धागे तोडायचं. शिवून आलेल्या गणवेशांवरचे लोंबते धागे लहान कात्रीने कापायचे, कपडा उलटसुलट करून बघायचा आणि गठ्ठा इस्त्रीकडे सरकवायचा. त्या दिवशी कुणीतरी तिला कटिंगच्या खोलीत पाठवलं. दाराशी कापडाचे तागे छातीइतके रचलेले. जाताना ती कशीबशी आत गेली, येताना हातात गठ्ठा होता. चौकट आणि तागे यांच्या मधोमध ती अशी बसली की पुढे सरकेना आणि मागेही येईना.

काजांच्या मशीनवर एक बाई बसायची, तिला सगळे काजवालीच म्हणत. ती म्हणाली, "बये, बाटलीला बूच बसलं गं." मग सगळ्या हसल्या. ती स्वतःही हसली. अंगाने मोठ्या माणसाला हे लहानपणीच शिकावं लागतं. लोकांच्या आधी आपण हसलं की जरा कमी लागतं.

मास्तर मात्र हसले नाहीत. गळ्यातली टेप काढत ते जवळ आले.

"हलू नकोस."

"हलता येतंय कुठं, मास्तर," ती म्हणाली.

त्यांनी ताग्यांच्या वरून तिच्या छातीभोवती टेप फिरवली, आकडा पाहिला आणि हरवलेली किल्ली सापडावी तसे म्हणाले, "पन्नास. आणि खांदे सरळ."

झालं होतं असं की कारखान्यातून दवाखान्यांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश जायचे. लहान मापाचा कपडा घालून बघायला शिलाईवरच्या पोरी होत्या. मोठ्या मापाला कुणी नव्हतं. मास्तर लहान मापाचा नमुना घेत आणि चारी बाजूंनी अंदाजाने वाढवत. माणूस असा चारी बाजूंनी सारखा वाढत नाही, त्यामुळे मोठे कपडे हटकून परत येत. मालक तोंडाला येईल ते बोलत. मास्तरांना मोठं माप हवं होतं, आणि ते दारात अडकून उभं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला कटिंगच्या खोलीत बोलावणं येऊ लागलं. एक लाकडी खोका पालथा घालून चौथरा केला होता, पंख्याखाली. त्यावर तिने अर्धवट शिवलेला कपडा घालून हात पसरून उभं राहायचं. मास्तर तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायचे. "इथं ओढतं? काखेत टोचतं? हात वर कर. वाक. आता श्वास घे, पोटभर घे, लाजतेस काय."

ओढतं का, टोचतं का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरात तिला विचारले जाणारे प्रश्न वेगळे होते. टॉवेल कुठाय, मीठ कुठाय, माझा दुसरा मोजा कुठाय. इथे एक जाणता माणूस तिच्या अंगाभोवती फिरत होता आणि तिच्या उत्तराप्रमाणे खडूची रेघ इकडून तिकडे सरकवत होता. तिच्या "हो" आणि "नाही"वर शेकडो कपडे कापले जायचे. त्या चौथऱ्यावर ती पहिल्यांदा कुणाच्यातरी कामी आली.

काजवालीने तिला मापताई म्हणायला सुरुवात केली, ती चिडवायला. पण टोपणनावाचं असं असतं की सगळेच म्हणायला लागले की ते हुद्द्यासारखं होतं. नवी पोरगी कामाला आली की तिला सांगत, या मापताई. ती पोरगी आपसूक जरा बाजूला सरकायची.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, त्यातली एक रस्त्यावर. तिथल्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं, आणि वळणावरून लेक येताना दिसली की ती चहा टाकायची. लेक वर येईपर्यंत चहा उकळलेला. जिना मात्र वैऱ्यासारखा होता, उंच पायऱ्यांचा आणि बिनकठड्याचा. तिचा नवरा शहरातल्या एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. दिवसभर लोकांना वर नेऊन घरी आला की स्वतः तीन मजले चढायचा. तो म्हणायचा, "अख्ख्या जगाला वर नेतो मी, बायकोला तेवढं नेता येत नाही."

एक दिवस दुसऱ्या मजल्यावर तिचा डावा गुडघा धरला. बाजाराची पिशवी हातातून सुटली, कांदे खालपर्यंत गडगडत गेले, आणि ती भिंतीला टेकून लेक येईपर्यंत तशीच उभी राहिली. लेकीने दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. काटा एकशे चारवर थांबला. त्यांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले, आत काहीतरी करकरत होतं.

"अडुसष्टावर या. तिथं आलात तर हे गुडघे तुमच्याजवळ राहतील. नाहीतर ऑपरेशन आहे, आणि तुमच्या वयाला ते मी सुचवणार नाही."

"अडुसष्ट? अहो, बाई, लग्नात सुद्धा मी तेवढी बारीक नव्हते."

"लग्नात गुडघे पण नवे होते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वजन कसं उतरलं यात सांगण्यासारखी जादू काही नाही. चहातली साखर गेली. ताट बदललं, मोठं ताट लेकीने माळ्यावर टाकलं. बसच्या दोन थांबे आधी उतरून ती चालू लागली. भूक लागली की पाणी प्यायची, पाणी पिऊनही लागली की काकडी खायची आणि काकडी खाऊनही लागली की सगळ्यांवर खेकसायची. नवरा म्हणायचा, "बाई बारीक होतेय की तिखट होतेय, कळेना." लेक दर रविवारी काट्यावर उभी करायची. लेकीला आईबद्दल पहिल्यांदाच अभिमान वाटत होता, आणि तो तिला लपवता येत नव्हता.

कारखान्यात मास्तर हवालदिल झाले. "अगं, मोठं माप हातातून चाललं की माझं." पण मास्तर कसलेले होते, वाया काही घालवत नसत. ती अठ्ठेचाळीसवर आली तेव्हा त्यांनी अठ्ठेचाळीसचा नमुना तिच्यावर बसवून घेतला, सेहेचाळीसवर आली तेव्हा सेहेचाळीसचा. ती जिना उतरावा तशी मापं उतरत होती आणि प्रत्येक पायरीवर मास्तर टेप घेऊन उभे. पुठ्ठ्याचे नवे नमुने कापून खिळ्याला टांगले जायचे. मालकांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलंही, या बाईच्या अंगावर आपला धंदा उभा आहे. काजवालीने लगेच पुढे जोडलं, "जरा सांभाळून उभा करा म्हणावं, तो पण कमी होईल."

काटा एकोणऐंशीवर आला त्या आठवड्यात टेपवर छाती बेचाळीस भरली. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि चौथऱ्याच्या कडेला बसले. असं ते कधी बसत नसत.

"आता इथंच थांब."

"म्हणजे?"

"बेचाळीस हे माप सगळ्यात जास्त खपतं. बेचाळीसची पोरगी होती ती काम सोडून गेली. आणखी खाली उतरलीस तर चाळीस, अडतीस. तेवढ्या मापाच्या शिलाईवर डझनभर आहेत. मग तुला इथं चढवून मी काय करू? धागे आहेतच. मी तुझ्या भल्याचं सांगतोय, मापताई."

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात हाच एक विषय होता. रात्रीच्या जेवणाला तिने तो ताटात वाढला.

लेक ताडकन म्हणाली, "अकरा किलो राहिलेत, आई. फक्त अकरा. पंचवीस उतरवलेस की. मास्तर कोण सांगणारे?"

"मास्तर कोण म्हणजे? बारा वर्षं मापं घेतायत माझी."

"मापं कपड्यांची घेतात ते. गुडघ्याची नाही."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला विचारू नका बुवा. माझ्या लिफ्टमध्ये पाटी आहे, आठ माणसं. त्याच्यापुढे मी मोजत नाही."

"गंमत नको, अहो. धागे तोडायला परत बसू का मी? खाली, त्या पोरींच्या रांगेत?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. त्यालाही ठाऊक होतं. कारखान्याच्या एका समारंभाला तो गेला होता, तेव्हा मालकांनी त्याच्याशी हात मिळवला होता. मापताईंचे मिस्टर म्हणून. लिफ्टमध्ये त्याच्याशी हात कोण मिळवणार. तो हळूच म्हणाला, "मग थांब की. एकोणऐंशी काय वाईट आहे. जिना चढतेस आता."

जिना ती खरंच चढत होती, एका दमात नाही, पण कुठे न टेकता. त्यामुळे तिला वाटलं की डॉक्टरबाईंचा आकडा म्हणजे दुकानदाराने आधी जास्त भाव सांगावा तसा असणार. घासाघीस करायला जागा ठेवलेली असणार.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, "मग शेवटचं काय ठरवलंत? अडुसष्ट की पासष्टच करायचे?"

"एकोणऐंशी."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा आकडा कुठून आणलात?"

"कामावरून."

"बाई, मी तुमच्या गुडघ्याकडे बघून सांगते आणि तुम्ही कुणाच्या तरी टेपकडे बघून. गुडघा त्या टेपवाल्याचा नाही."

"त्याचा नाही, खरंय. पण काम त्याच्या हातात आहे, डॉक्टरबाई."

डॉक्टरबाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

उतरण्यापेक्षा थांबणं अवघड असतं, हे तिला नंतर कळलं. अंगाला उतरायची सवय लागली होती. सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मास्तर टेप लावायचे. "अर्धा इंच गेला. दोन दिवस पाव खा, लोणी लावून." किंवा, "काय गं, लग्नबिग्न होतं का कुठं? उद्यापासून काकडी." ती पाव खायची, काकडी खायची. लेकीने माळ्यावरचं मोठं ताट खाली काढलं आणि आईपुढे ठेवलं. रविवारचा काटा मात्र तिने बंद केला. वळणावरून येताना ती आता वर खिडकीकडे पाहतही नसे.

पण चौथऱ्यावर मापताई सुखात होती. पंखा होता, मास्तर होते, आणि तो प्रश्न होता. "इथं ओढतं?"

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. सगळ्या परिचारिकांचे गणवेश, आणि त्यात निम्म्याहून जास्त बेचाळीस. मालकांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला. नमुना तिच्या अंगावर बसवायला मास्तरांनी चार दिवस घेतले. मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडतात तो गोल, त्यांनी कधी नव्हे इतका नेटका काढला. बाही दंडाला चापून बसवली.

"हात वर कर. दंडाला घट्ट होतं?"

"नाही. बरं आहे."

"नक्की?"

"नक्की, मास्तर. कळत सुद्धा नाही अंगात काही आहे म्हणून."

ती खोटं बोलली नव्हती. पण तिच्या दंडावर आता मांस नव्हतं, नुसती सैल कातडी होती. ती बाहीत इकडेतिकडे सरकायची, तिला काही रुतायचंच नाही. आणि दुसरंही एक होतं. आयुष्यभर दंडाला वळ उठतील असे कपडे तिने घातले होते, कारण तिच्या मापाचे मिळायचेच नाहीत. अशा बाईला घट्ट म्हणजे काय ते विचारू नये. तिच्या घट्टच्या फार अलीकडे इतरांचं घट्ट सुरू झालेलं असतं. हे ना तिच्या लक्षात आलं, ना मास्तरांच्या. पन्नासावरून उतरून बेचाळीसवर आलेलं अंग आणि पहिल्यापासून बेचाळीस असलेलं अंग टेपला सारखंच दिसतं.

कपडे महिन्याभरात परत आले, टेम्पो भरून. दवाखान्यातून एक मुख्य परिचारिका स्वतः आली होती, बेचाळीसच मापाची, सणसणीत बांध्याची. तिने काही वाद घातला नाही. कटिंगच्या खोलीत उभी राहिली, अंगातला नवा गणवेश दाखवला, म्हणाली, "सलाईनची बाटली टांगायची असते आम्हाला. बघा." आणि हात वर केला. हात खांद्याच्या वर जाईना. तिने जोर लावला, तेव्हा काखेतली शिवण टर्रकन उसवली. छातीपुढे मात्र कापड झोळीसारखं लोंबत होतं. "कुणाच्या अंगावर बेतलंत हे?" तिने विचारलं.

खोलीत सगळे होते. मालक, मास्तर, गठ्ठे उचलणारे, दारातून डोकावणाऱ्या पोरी. मापताई चौथऱ्याशी उभी होती. तिला वाटलं, मास्तर काहीतरी बोलतील. मीच तिला थांबवलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं. तेवढंही नको, नुसतं "चूक झाली" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खिशात घातली. म्हणाले, "मी चारदा विचारलं तिला. बरं आहे म्हणाली." मग तिच्याकडे न बघता, "हिचं माप खरं नव्हतं. उतरलेलं अंग आहे."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. हात मिळवणारेच ते मालक. पाहिलं ते नासक्या मालाकडे पाहावं तसं.

दाराशी काजवाली उभी होती. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, नेहमीसारखं, पण ती गिळून गेली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा गप्प बसली, आणि मापताईला तेच सगळ्यात लागलं.

पुढच्या आठवड्यात पुतळा आला. खिट्ट्या फिरवल्या की त्याची छाती, कंबर, दंड हवे तेवढे कमीजास्त होतात. त्याला चौथऱ्यावर ठेवलं, पंख्याखाली. मास्तर तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरू लागले. पुतळ्याला काही विचारावं लागत नाही. ती धाग्यांच्या रांगेत परत गेली. पहिल्या दिवशी कात्री हातात बसेना, तेव्हा शेजारच्या पोरीने आपली दिली. "घ्या मापताई." नाव तेवढं राहिलं होतं.

लेकीने ऐकलं आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली, "चल, आता तरी अडुसष्टावर जाऊ. आता कुणाची भीती?" मोठं ताट तिने पुन्हा माळ्यावर टाकलं. आई चार दिवस काकडी खायची, पाचव्या दिवशी पाव. उतरणाऱ्या अंगाला दोन वर्षं एका आकड्यावर बांधून ठेवलं होतं, त्याने आता तिथंच घर केलं होतं. काटा सत्त्याहत्तर दाखवायचा आणि पुन्हा एकोणऐंशीवर येऊन बसायचा.

धाग्यांचं काम खालच्या पाटावर बसून. उठताना दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून उठायचं. पावसाळ्याआधी तिला जिन्यात तीनदा टेकावं लागू लागलं.

डॉक्टरबाईंनी गुडघ्यांचा फोटो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला. "मी अडुसष्ट म्हटलं होतं."

"हो."

"अजून प्रयत्न करू शकता. ऑपरेशन झालं तरी वजन उतरवावंच लागेल. किती ठरवू या?"

ती म्हणाली, "डॉक्टरबाई, एकशे चार होते तेव्हा लोक हसायचे, पण माझ्यावाचून अडायचं. एकोणऐंशीला हसायचे नाहीत आणि तरी अडायचं. आता अडुसष्टावर येऊन मी कुणाला दाखवू?"

"स्वतःच्या जिन्याला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तो राहिलाय कुठं," ती म्हणाली. घर बदलायचं ठरून गेलं होतं.

लेक नोकरीच्या गावी गेली. महिन्यातून एकदा येते, आली की आईला सांगत नाही काय खा आणि काय नको. मास्तर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते धाग्यांच्या रांगेपाशी थांबले होते, पण म्हणाले ते एवढंच, "ठीक आहेस ना?" तिने "बरं आहे" म्हटलं. या माणसाला तिने दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं पुढच्या वर्षी आहे. वजन एकोणऐंशी. नवरा आणि ती आता त्याच इमारतीत तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात. तिथल्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.